'रीच्ड टू नाशिक रोड' की नुसतं 'रीच्ड नाशिक रोड'?

द्राक्षबाग:
ऑफिसला मेल टाकायची आहे, 'आय रीच्ड टू नाशिक रोड ॲट नाइन थर्टी.' एक जण म्हणतो 'टू' काढ, दुसरा म्हणतो त्याजागी 'ॲट' घाल. मग 'रीच आउट टू' कसं चालतं? आणि 'आय ॲम रीचिंग इन टेन मिनिट्स'?

गोदाकाठ:
'टू' काढा आणि स्टेशनला 'ॲट'ही लावू नका. 'पोहोचणे' अकर्मक आहे, म्हणून आपण 'नाशिकला पोहोचलो' म्हणतो आणि तो 'ला' 'टू' होऊन इंग्रजीत घुसतो. 'रीच' सकर्मक, गाव हेच त्याचं कर्म. 'आंबा खाल्ला'त आंब्याला काही लागत नाही ना, तसंच 'रीच्ड नाशिक रोड'. पुढचा 'ॲट' राहू द्या, तो साडेनऊचा आहे.

कर्म लागतं म्हणूनच 'हॅव यू रीच्ड?' अर्धवट वाटतं. व्हॉट्सॲपवर सगळेच लिहितात, लिहोत बापडे. मेलमध्ये 'अराइव्ह' वापरा, ते 'पोहोचणे'सारखंच अकर्मक. शहराला 'इन', ठिकाणाला 'ॲट': 'अराइव्ह्ड इन नाशिक', पण 'अराइव्ह्ड ॲट सीबीएस' (सीबीएस म्हणजे नाशिकचा मध्यवर्ती बस स्टँड). 'अराइव्ह्ड टू' मात्र नाही.

रविवार कारंजा:
'टू' येतो तिथे अर्थच वेगळा असतो. 'रीच आउट टू' म्हणजे आपणहून संपर्क साधणं. 'द रोप रीचेस टू द ग्राउंड' हेही बरोबर, कारण तिथे दोराची लांबी सांगायची आहे, कोणी प्रवास करून पोहोचलेलं नाही. 'रीच्ड फॉर द स्विच' म्हणजे बटणाकडे हात नेला, लागलं की नाही ते कळत नाही. 'रीच्ड द स्विच' म्हणजे हात पोचला.

'आय ॲम रीचिंग' आपल्याकडे सर्रास चालतं. बाहेरच्या क्लायंटला 'आय विल बी देअर इन टेन मिनिट्स' लिहा. द्वारका चौकात अडकलेला माणूस फोनवर 'आलोच' म्हणतो, त्याचंही इंग्रजी हेच. (दहा मिनिटांचं काय ते आपण जाणतोच.)

द्राक्षबाग:
आणि 'तुम्हाला स्टेशनला पोहोचवतो'? 'आय विल रीच यू टू द स्टेशन'?

गोदाकाठ:
नाही हो. 'रीच यू' म्हणजे तुमच्याशी संपर्क होणं, बहुतेकदा फोनवर. 'आय विल ड्रॉप यू ॲट द स्टेशन' लिहा. 'सोडतो' म्हणून 'लीव्ह यू' केलंत, तर समोरच्याला वाटेल त्याला तिथेच टाकून चाललात.