ओबामाकेअर येऊनही लॅटिनो कुटुंबं विम्याबाहेर का?

प्रश्न (सांगली): कॉलेजच्या गटचर्चेसाठी हवंय. अमेरिकेत २०१० चा आरोग्यविम्याचा कायदा (ओबामाकेअर) होऊनही लॅटिनो, म्हणजे मूळ लॅटिन अमेरिकेतल्या, लोकांत बिनविम्याचे इतके कसे?

उत्तर १: कायदा सगळ्यांसाठी नव्हताच. अमेरिकेत राहायची कागदपत्रं नसलेल्याला या कायद्यानं काढलेल्या सरकारी विमा-बाजारपेठेतून बहुतेक ठिकाणी पूर्ण पैसे मोजूनही विमा मिळत नाही. ग्रीनकार्डवाल्या (कायम राहायची परवानगी असलेल्या) प्रौढांनाही मेडिकेडसाठी, म्हणजे गरिबांच्या सरकारी आरोग्यविम्यासाठी, बहुधा ५ वर्षं थांबावं लागतं.

उत्तर २: राज्य कुठलं ते बघा. २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टानं मेडिकेड वाढवणं राज्यांवर सोडलं. कॅलिफोर्नियानं वाढवलं, टेक्सासनं नाही. तिथं मूलबाळ नसलेल्या धडधाकट गरिबाला मेडिकेड नाही, अन् बाजारपेठेतल्या विम्याच्या हप्त्याला अनुदान दारिद्र्यरेषेच्या वर सुरू. उलटाच न्याय!

उत्तर ३ (कराड): पोरगं अमेरिकेत जन्मलेलं, म्हणजे नागरिक, आईबाप बिनकागदाचे. पोरापुरता अर्ज करता येतो, पण फॉर्मवर घरचा पत्ता लिहिला तर आपण पकडले जाऊ, या आईबापांच्या धास्तीनं तोही राहतो.