मदत हवी आहे: माशाच्या पिल्लाचा रंग कधी उघड करू?

नमस्कार मंडळी. नागपूरच्या उन्हात बाहेर पडायची सोय नाही, म्हणून पोरगी न् मी मोबाइलवर मासे पाळायचा खेळ बनवतोय. प्रत्येक गुणाचं एकेक जनुक आई-बापाकडून पिल्लाला जन्मतःच मिळतं. दोघंही निळे, पण सोनेरी जनुक लपवून बसलेले असले, तर मेंडेलच्या हिशेबानं सोनेरी पिल्लाची शक्यता २५ टक्के. इथवर जमलं.

पण रंग पहिल्याच दिवशी दिसला की मजाच जाते ना! खऱ्या गप्पीच्या नरांवरही रंग वयात येतानाच चढतो. मग आधी शेपटी, मग पट्टे, शेवटी रंग, हे टप्पे वयावर बांधू की खाण्यावर? पोरगी म्हणते, उपाशी ठेवलं तर रंगच येऊ नये. (भारी कडक आहे बाप्पा!) शिवाय मोबाइलमध्ये फक्त जनुकं साठवून त्यांवरून माशाचं रूप दर वेळी नव्यानं ठरवावं, की जनुकं न् रूप दोन्ही साठवावं? कोणी केलंय का असं?