मदत हवी आहे: क्वालिटीतून कन्सल्टिंगकडे जायला परदेशी एमबीए करावं का? (नाशिक)

अंबड_मेक
नमस्कार मंडळी. मेकॅनिकल, २०१८ पासआउट. अंबड एमआयडीसीत ऑटो पार्ट्सच्या कारखान्यात क्वालिटीला असिस्टंट मॅनेजर, पगार वर्षाला ९ लाख. २०२७ च्या सप्टेंबरला एमबीएला जायचा विचार आहे, पुढे कन्सल्टिंग किंवा प्रॉडक्ट मॅनेजमेंट. बचत १२ लाख, बाकी कर्ज. तारणाला वडिलांची निफाडची अडीच एकर द्राक्षबाग आहे. कोर्स एक वर्षाचा घ्यावा की दोन, अमेरिका की युरोप, आणि कर्ज किती झेपेल? कॉलेज रोडवरच्या कन्सल्टन्सीवाल्यांना काहीही विचारा, उत्तर "हो" असतं, म्हणून इथे विचारतोय.

गोदाकाठ
आधी कर्जाचं बघू, कारण गाडी तिथेच अडणार. शैक्षणिक कर्जाला बँका शेतजमीन सहसा तारण घेत नाहीत. सरफेसी कायद्याच्या (थकीत कर्जासाठी बँकेला कोर्टात न जाता तारण विकू देणारा कायदा) कलम ३१ मध्ये शेतजमीन वगळलेली आहे, म्हणजे हप्ते थकले तर त्या कायद्याखाली बँकेला बाग विकता येत नाही. पीककर्जाला चालणारा सातबारा इथे चालेल, हे डोक्यातून काढा. फ्लॅट किंवा एनए (बिगरशेती) प्लॉट लागेल. फ्लॅटला इंडेक्स टू, मंजूर नकाशा, भोगवटा दाखला, घरपट्टीची पावती आणि बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलाचा सर्च रिपोर्ट. मालमत्ता वडिलोपार्जित असेल तर काका-आत्यांचं हक्कसोडपत्र आत्ताच करून घ्या. सगळ्यात जास्त वेळ तिथे जातो, बँकेत नाही.

विनातारण कर्ज देणाऱ्या वित्तसंस्था कॉलेजचं नाव आणि सहकर्जदाराचं उत्पन्न बघतात. द्राक्षाचं उत्पन्न बागेत दिसतं, आयटीआरमध्ये बहुतेकांच्या दिसत नाही. वडील रिटर्न भरत नसतील तर पगारदार सहकर्जदार शोधा.

आता आकडा. ६० लाख, ११ टक्के, १० वर्षं: हप्ता सुमारे ८२,६५०. शिकत असतानाचं व्याज भरलं नाही तर ते मुद्दलात जमा होतं आणि हप्ता आणखी चढतो. हा हिशोब डॉलरच्या पगारावर करू नका. नोकरी मिळाली नाही आणि २५ लाखांच्या पॅकेजवर पुण्यात परत यावं लागलं, तर हातात महिन्याला दीड-पावणेदोन लाख येतील आणि निम्मे हप्त्यात जातील. तेवढं सोसत असेल तरच ६० लाख काढा.

कर्जातून परस्पर गेलेल्या फीवर टीसीएस (परदेशी पैसे पाठवताना बँक आधीच कापते तो कर) लागत नाही. स्वतःच्या बचतीतून एका आर्थिक वर्षात १० लाखांच्या वर पाठवलं की वरच्या रकमेवर कापतात. रिटर्नमध्ये वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात. तुमचे १२ लाख एकदम पाठवू नका. शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची आयकरात वजावट (जुन्या कायद्यातलं कलम ८०ई) ८ वर्षं मिळते, पण फक्त जुन्या करप्रणालीत.

तिसरा_राउंड
कोर्स किती वर्षांचा हे फी बघून ठरवू नका, इंटर्नशिप बघून ठरवा. तुम्ही काम, क्षेत्र आणि देश तिन्ही एकदम बदलायला निघालात. दोन वर्षांच्या कोर्समध्ये मधल्या उन्हाळ्यात कंपनी तुम्हाला पारखून घेते, मग जुनं क्षेत्र आडवं येत नाही. एक वर्षाच्या कोर्समध्ये बहुतेक ठिकाणी ही संधीच नाही. इन्सियाड या बिझनेस स्कूलचा कोर्स १० महिन्यांचा आहे, तिथे जानेवारीच्या बॅचला उन्हाळ्याची सुट्टी मिळते, ऑगस्टच्या बॅचला नाही. क्षेत्र बदलणाऱ्याने तिथे जानेवारीच घ्यावी, सप्टेंबरचा हट्ट सोडावा. एचईसी पॅरिस १६ महिने, लंडन बिझनेस स्कूल १५ ते २१ महिने, हे मधले पर्याय.

प्रॉडक्ट मॅनेजमेंटबद्दल स्पष्ट सांगतो: सॉफ्टवेअरचा गंध नसताना नुसत्या एमबीएवर ते अवघड आहे. ऑपरेशन्स कन्सल्टिंग किंवा सप्लाय चेन धरा. तिथे तुमचं पीपीएम (दहा लाखांत सदोष नग किती), सप्लायर ऑडिट, ८डी रिपोर्ट (दोषाचं मूळ शोधून उपाय नोंदवणारा अहवाल) हे सगळं कामाला येतं. एका वेळी तीनपैकी दोनच गोष्टी बदला.

अमेरिकेतल्या कॉलेजचा एम्प्लॉयमेंट रिपोर्ट उघडलात की सरासरी पगाराच्या पानावर थांबू नका. नोकरी शोधत होते किती, तीन महिन्यांत ऑफर किती जणांना, आणि कायमचा वर्क परमिट नसलेल्यांची वेगळी ओळ आहे का, ते बघा. तुमचा आकडा त्या ओळीत आहे.

व्हिसा: अमेरिकेत कोर्स स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) मोडत असेल तर ओपीटी (शिक्षणानंतर तिथे काम करायची परवानगी) १२ अधिक २४ महिने, नंतर एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची लॉटरी. ब्रिटनचा ग्रॅज्युएट रूट (शिक्षणानंतर तिथे राहून काम करायचा व्हिसा) २ वर्षांचा होता, १ जानेवारी २०२७ पासून केलेल्या अर्जांना १८ महिनेच. म्हणजे तुम्हाला १८ धरूनच चालायचंय. जर्मनीत नोकरी शोधायला १८ महिने मिळतात, व्हिसाला एपीएस प्रमाणपत्र (शैक्षणिक कागदपत्रांची पडताळणी) लागतं, आणि जर्मन न येता तिथल्या ऑटो कंपनीच्या प्लांटमध्ये शिरणं कठीणच.

खटपट्या
साहेबांना सांगितलंय का? शिफारसपत्रं बहुतेक ठिकाणी दोन लागतात, त्यातलं एक सध्याच्या वरिष्ठांचं मागतात. "तूच लिहून आण, मी सही करतो" हा आपल्याकडचा रिवाज तिथे चालत नाही. लिंक थेट त्यांच्या ऑफिसच्या मेलवर जाते, जीमेल दिला तर पडताळणीत प्रश्न येतात. सांगणं शक्य नसेल तर जुने वरिष्ठ किंवा ग्राहक कंपनीचे क्वालिटी हेड चालतात, फक्त कारण अर्जात लिहावं लागतं.

अंबड_मेक
सगळ्यांचे आभार. बागेचं माहीतच नव्हतं. सिडकोत आईच्या नावावर फ्लॅट आहे, कागद काढतो. जीमॅट (एमबीएची प्रवेश परीक्षा) कधी द्यावी? रविवार कारंज्याजवळ जुनी पुस्तकं स्वस्तात मिळाली आहेत.

तिसरा_राउंड
पुस्तकं आधी चाळा. सेंटेन्स करेक्शन आणि भूमिती असेल तर ती जुन्या परीक्षेची, दोन्ही आता नाहीत. सध्या क्वांट (गणित), व्हर्बल (इंग्रजी), डेटा इनसाइट्स (तक्ते-आकडे वाचणं), प्रत्येकी ४५ मिनिटं. गुण २०५ ते ८०५, त्यामुळे जुन्या ७०० शी तुलना करू नका, आताचे ६४५ साधारण तेवढेच. इंजिनिअर मंडळी क्वांट घोटत बसतात आणि डेटा इनसाइट्सला मार खातात.

अमेरिकेत अर्जांचा पहिला राउंड आदल्या वर्षीच्या सप्टेंबरात, दुसरा जानेवारीच्या सुरुवातीला. पहिल्या राउंडसाठी जूनमध्ये परीक्षा द्या. दोन प्रयत्नांत १६ दिवसांचं अंतर लागतं, म्हणजे दुसरा प्रयत्न जुलैत बसतो.

नोंदणी करताना नाव पासपोर्टवर आहे तसंच टाका. मार्कशीटवर आडनाव आधी आणि आईचं नाव वेगळं असतं, ते बघून भरलंत तर सेंटरवर आत सोडत नाहीत आणि फी बुडते.

गोदाकाठ
@अंबड_मेक, फ्लॅट आईच्या नावावर आहे तर त्यांना सहकर्जदार किंवा जामीनदार व्हावं लागेल. त्यांचं आधार, पॅन आणि इंडेक्स टूवरचं नाव जुळतं का बघा. माहेर-सासरच्या नावाचा घोळ असेल तर गॅझेट आधी करून घ्या.