मदत हवी आहे: १९६९ च्या राष्ट्रपती निवडणुकीचे फेरीनिहाय आकडे

व्ही. व्ही. गिरी यांच्या कारकिर्दीवर भित्तितक्ता करतोय. १९६९ च्या निवडणुकीपाशी अडलोय. खालचे आकडे मतमूल्याचे (प्रत्येक आमदार-खासदाराच्या मताला ठरवून दिलेल्या वजनाचे) आहेत, मतपत्रिकांचे नव्हेत.

पहिल्या पसंतीत गिरी ४,०१,५१५, नीलम संजीव रेड्डी ३,१३,५४८, आपले चिंतामणराव देशमुख १,१२,७६९. एकूण वैध ८,३६,३३७, म्हणजे कोटा (जिंकायला लागणारी किमान मतं) ४,१८,१६९. अखेरीस गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७. म्हणजे हस्तांतरणात (बाद उमेदवारांची मतं पुढच्या पसंतीच्या उमेदवाराकडे जातात त्यात) रेड्डींना ९१,८७९ मिळाली, गिरींना जेमतेम १८,५६२, आणि १०,८३३ बाद झाली, कारण पुढची पसंती लिहिलेलीच नव्हती. खरी गंमत इथेच आहे!

उमेदवार १५ होते. या तिघांखेरीज बाकीच्यांची मिळून ८,५०५ मतं होती, त्यामुळे वरच्या वाढीत देशमुखांचा वाटा नेमका किती ते वेगळं काढता येत नाही. स्वतंत्र पक्ष आणि जनसंघाच्या पाठिंब्यावरून अंदाज बांधता येतो, पण तक्त्यावर अंदाज नकोय. विकिपीडिया आणि वर्तमानपत्रांची कात्रणं पाहून झाली, तिथे फक्त पहिली आणि शेवटची बेरीज आहे. दिल्लीला जाणं शक्य नाही, स्कॅन किंवा महाराष्ट्रातलं ग्रंथालय चालेल.

देशमुख बाद झाल्यावर त्यांच्या १,१२,७६९ पैकी गिरींकडे किती, रेड्डींकडे किती गेली, हे कोणत्या अधिकृत दस्तऐवजात सापडेल?