मल्चिंगचा पेपर आणि फवारण्या: मातीवरचा हिशोब वेगवेगळा का मांडायचा?

संत्रानगरीकर:
आपल्या नागपूर जिल्ह्यात मिरची-टरबुजाला मल्चिंग, म्हणजे वाफ्यावर प्लास्टिकचा पातळ पेपर अंथरणं, आता सर्रास झालंय. पीक निघालं की हाताला येईल तेवढा पेपर ओढून बांधावर टाकायचा आणि बाकीच्यावरून रोटाव्हेटर फिरवायचा. पात्यांना गुंडाळलेल्या काळ्या चिंध्या विळ्यानं कापून काढाव्या लागतात. गुंडाळल्या नाहीत, त्या मातीतच. ऊन खाऊन त्यांचे तुकडे होत होत 5 मिलिमीटरच्या खाली गेले की झालं मायक्रोप्लास्टिक. त्याच वाफ्यावर तणनाशक, बुरशीनाशक, कीटकनाशक. मंजुरीच्या वेळी प्रत्येक औषध वेगळं तपासतात, मातीतल्या जिवाणूंच्या वाट्याला मात्र सगळं एकदमच येतं.

बर्लिनच्या फ्री युनिव्हर्सिटीतल्या मॅथियास रिलिग यांच्या गटानं 2019 मध्ये नेमकं हेच तपासलं. उष्णता, दुष्काळ, क्षार, जड धातू, मायक्रोप्लास्टिक, तणनाशक असे 10 ताण. आधी एकेक, मग एकत्र. ताणांची संख्या वाढत गेली तशी पालापाचोळा कुजवण्यासारखी मातीची कामं आणि सूक्ष्मजीवांचं वैविध्य ढासळत गेलं.

माझं म्हणणं सरळ आहे: वापरलेला पेपर परत केल्याची पावती दाखवल्याशिवाय मल्चिंगचं अनुदान देऊ नये.

भिवापुरी_तिखट:
वा राजेहो! निंदणाले बाया भेटून नाही राहिल्या, पेपर नाही टाकला तर तणनाशक जास्त मारा लागते. मंग तुमचे जिवाणू खूश होतील का? प्लास्टिक कमी केलं तर औषध वाढते, हे बी हिशोबात धरा ना.

केमिस्ट्रीवाला:
भाऊंचा मुद्दा बिनतोड आहे. शिवाय बर्लिनचा प्रयोग प्रयोगशाळेतला, तोही तिथल्या मातीवर. आपली काळी माती चिकणमातीनं भरलेली. ती कितीतरी रसायनं स्वतःच धरून ठेवते. प्लास्टिकचे तुकडे औषधं धरून ठेवतात म्हणतात, पण सगळीच त्याला चिकटतात असंही नाही. ग्लायफोसेट हे तणनाशक पाण्यात विरघळतं, त्याला पॉलिथिनचं फारसं आकर्षण नाही. क्लोरपायरिफॉस, सायपरमेथ्रिन ही कीटकनाशकं चिकटतील. पण मग ती जिवाणूंपासून दूरच राहिली की! घबराट कशाची?

संत्रानगरीकर:
@केमिस्ट्रीवाला, दूर राहिली म्हणजे ती फोडणाऱ्या जिवाणूंच्याही हाती लागत नाहीत, मातीतला मुक्काम लांबतो. कुठे त्रास कमी होतो, कुठे वाढतो. म्हणून तर एकत्र तपासा म्हणतोय. ग्लायफोसेट चिकटत नसेल, पण वनस्पतींमधली जी प्रक्रिया ते रोखतं ती अनेक जिवाणू आणि बुरश्यांमध्येही असते. ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्रानं त्याची फवारणी कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरती मर्यादित केली. चोर बीटीच्या (तणनाशक सहन करणाऱ्या, मंजुरी नसलेल्या कपाशीच्या) शेतात ते किती पाळलं जातं, हे इथे कुणाला सांगायला नको!

आणि काळ्या मातीचं कौतुक पुरे. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरच्या चिंध्या आत जातात आणि पावसात भेग मिटते. ते प्लास्टिक मग वेचणार कोण?

मृग_बहार:
संत्र्यावर कुणी बोलत नाही म्हणून लिहितो. डिंक्यासाठी (खोडातून डिंक गळण्याच्या रोगासाठी) बोर्डो, म्हणजे तांबं असलेलं मोरचूद-चुन्याचं मिश्रण, वर्षानुवर्षं चालू आहे. तांबं कुजत नाही, साठतं. माती आरोग्य पत्रिकेवर 12 घटक असतात. तांबं असतं, पण कमी पडतंय का एवढंच बघायला. प्लास्टिक नाही, जिवाणू नाहीत. मातीबद्दलच्या मोठमोठ्या संस्था याच नागपुरात आहेत, काटोल रोडवरच्या बागेतला एक नमुना तरी एकत्र तपासून बघावा त्यांनी.

केमिस्ट्रीवाला:
तपासायला माझी ना नाही. तपासण्याआधी अट घालायला आहे.

भिवापुरी_तिखट:
पेपर वापस करा म्हणता, कोणाले? मातीनं भरलेला पेपर भंगारवाला हातात घेत नाही. जाळला तर धूर. दुकानदार म्हणते, आमचं काम विकाचं. स्वस्त, पातळ पेपर तर उचलतानाच फाटते.

संत्रानगरीकर:
मग अट कंपनीवर घाला, भाऊ. चीननं याच कारणासाठी पेपरची किमान जाडी 0.008 वरून 0.010 मिलिमीटर केली, तो सलग निघावा म्हणून. आपल्याकडे पॅकिंगच्या प्लास्टिकसाठी उत्पादकाची जबाबदारी 2022 मध्ये ठरवून दिली. मल्चिंग पेपर त्या पॅकिंगमध्ये बसत नाही.

भिवापुरी_तिखट:
कंपनीवर घालत असान तर माही सही पहिली. पण पेपर उचलाले गाडी बांधापर्यंत आली पाहिजे, तालुक्याले नाही.