सर्पगंधेतलं रिसर्पिन 1952 पर्यंत हाती का लागलं नाही?

पन्हाळा_बॉटनी: एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी विचारतोय. सलीमुज्जमान आणि रफत हुसेन सिद्दीकी यांनी 1931 मध्येच सर्पगंधेच्या मुळातून अजमलिन, सर्पेंटिन वगैरे पाच अल्कलॉइड (वनस्पतीतली नायट्रोजनयुक्त, क्षारधर्मी द्रव्यं) वेगळे केले होते. त्याच वर्षी गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधेने रक्तदाब उतरतो असं लिहिलं. मग रक्तदाब उतरवणारं अल्कलॉइड रिसर्पिन, त्याला 21 वर्षं का? आणि कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत मिळणाऱ्या वाळक्या मुळातून ते कॉलेजच्या लॅबमध्ये निघेल का?

क्षारसूत्र: कारण गाळात आहे. अल्कलॉइड काढायची नेहमीची रीत म्हणजे आम्लाच्या पाण्यात जे उतरेल ते आपलं, उरलेली राळ टाकून द्यायची. अजमलिन, सर्पेंटिन तीव्र बेस, ते पाण्यात जातात. रिसर्पिन सौम्य बेस, त्यामुळे ते राळेतच राहतं. 1952 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला सिबा औषध कंपनीत म्युलर, श्लिटलर आणि बाइन यांनी ही राळच उकरली.

प्रोजेक्टसाठी: 10 ग्रॅम भुकटी मेथॅनॉलमध्ये काढा, आटवा, 15 टक्के अॅसिटिक आम्लात घ्या. पेट्रोलियम ईथरने धुऊन चरबी काढा. आता अमोनिया न घालता थेट क्लोरोफॉर्मने हलवा; सौम्य रिसर्पिन आम्लातूनही क्लोरोफॉर्ममध्ये उतरतं, तीव्र बेस आम्लात मागे राहतात. इथेच बहुतेक जण चुकतात, सवयीने आधी अल्कली करतात आणि मग सगळेच बेस एकत्र येतात. क्लोरोफॉर्मचा थर थंड सोडियम कार्बोनेटच्या द्रावणाने धुवा. गरम अल्कली नको, रिसर्पिनमधला एस्टर बंध तुटतो. मुळात रिसर्पिन साधारण 0.1 टक्के, म्हणजे 10 ग्रॅममध्ये 10 मिलिग्रॅमच. हाती त्याहून कमीच येईल.

टीएलसी_काकू: फ्लास्कला फॉइल गुंडाळा, भावा. उजेडात रिसर्पिनचं ऑक्सिडेशन होऊन ते पिवळं पडतं, मग टीएलसीच्या (पातळ थर क्रोमॅटोग्राफीच्या) प्लेटवर यूव्हीखाली हिरवट-पिवळा ठिपका दिसतो आणि पोरं तोच रिसर्पिन समजतात.

मूळ आधी तपासा. भेसळीत रावोल्फिया टेट्राफिला असते, सर्पगंधेच्याच वंशातली दुसरी जात. सालीचा पातळ काप घ्या: खऱ्या सर्पगंधेत दगडपेशी (जाड भिंतीच्या कठीण पेशी) नसतात, टेट्राफिलात भरपूर. आणि साल खरवडून फेकू नका, बहुतेक अल्कलॉइड तिच्यातच.

क्षारसूत्र: काकूंना दुजोरा. वैद्यकीय बाजू लिहाल तर मुंबईच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. रुस्तम वकील सोडू नका. त्यांचा 50 रुग्णांवरचा लेख 1949 मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये आला आणि बाहेरच्यांचं लक्ष तिकडे गेलं. त्यांचं कामही मुळावरचं, शुद्ध रेणू नंतरचा.

पन्हाळा_बॉटनी: मग मूळ चघळलं तरी चालेल, असं घरचे म्हणतील!

टीएलसी_काकू: अजिबात नको. दर मुळात प्रमाण वेगळं, परिणाम दिसायला दोन-तीन आठवडे लागतात, आणि तोवर माणूस डोस वाढवत बसतो. नाक चोंदणं परवडलं, नैराश्य आलं तर भारी पडतं.