माकडताप आणि काजूचा हंगाम
साथ गर्दीमुळेच पसरते, हे नेहमी ऐकू येणारे मत मला अपुरे वाटते. माकडताप हा गोचिडीच्या चाव्यातून होणारा विषाणूजन्य ताप; तो माणसाकडून माणसाला होत नाही. तरीही २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात त्याची साथ आली, ती ऐन काजूच्या हंगामात. कोरड्या दिवसांत पाचोळ्यात गोचिडीची पिल्ले सर्वाधिक असतात आणि नेमक्या त्याच महिन्यांत बागायतदार, मजूर व सरपणाला जाणाऱ्या बाया दिवसदिवस वाकून बोंडे वेचतात, पाचोळा झाडून गोळा करतात. खसखशीएवढे पिल्लू पोटरीला चिकटले तरी कळत नाही. वर्षाची कमाईच त्या दोन-तीन महिन्यांची असल्याने ‘रानात जाऊ नका’ हा सल्ला मला अन्यायाचा वाटतो. अंगभर कपडे आणि परतल्यावर साबण लावून कढत पाण्याने आंघोळ, एवढे मात्र सांगायलाच हवे.